पहिला अल्बम, भाड्याचे बीट आणि आरतीतलं घुमट : डिचोली तालुक्यातलं एक प्रकरण

या प्रकरणातल्या व्यक्तींची, मंडळाची आणि गावाची नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदलले आहेत. एका रॅपरच्या पहिल्या अल्बमसाठी माझं काम कागदपत्रं आणि वेळापत्रक एवढंच होतं. पण गोव्यातल्या गावात कागद घेऊन गेलेल्या माणसाला चहाला बसवतात, आणि मग त्याला सगळंच ऐकावं लागतं.

पार्श्वभूमी

रॅपर डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यातला, पंचविशीच्या आतबाहेरचा. वडिलांचा एक टिप्पर होता, कर्जावर घेतलेला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा हा शाळेत होता. पुढे अटींवर काम सुरू झालं, ट्रक पुन्हा फिरू लागला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून खनिज काढणं थांबलं. ट्रक परत अंगणात. अल्बममधली निम्मी गाणी या अंगणातून निघाली आहेत. बाकीची पणजीतल्या रात्रपाळीतून. मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोवर तो कामाला होता आणि पहाटे घरी पोचल्यावर लिहायचा.

घरात बोलणं कोकणी, लिहिणं मराठी. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे इथे कुणाला वाटत नाही. पेपर मराठी, जत्रेतलं नाटक मराठी, भजन मराठी, चवथीची आरती मराठी. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केलं आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही सोय ठेवली. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही आणि त्यात मला इथे शिरायचं नाही. या मुलापुरतं एवढं खरं की त्याचे आजोबा उत्सवी नाटकात राजाच्या भूमिका करायचे आणि लांबलचक स्वगतं एका दमात म्हणायचे. श्वास कुठे घ्यायचा आणि कुठे चोरायचा हे तो त्यांच्याकडे बघून शिकला. रॅप नंतर फोनवर ऐकला.

अल्बम नऊ गाण्यांचा. पाच गाण्यांचे बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, फोंड्याच्या एका मित्राने बनवले. हा मित्र घरच्या खोलीत गाद्या लावून रेकॉर्डिंग करतो आणि दिवसा मोबाइलच्या दुकानात बसतो. उरलेले चार बीट इंटरनेटवरून लीजवर, म्हणजे भाड्याने, घेतलेले, प्रत्येकी दोन-तीन हजारांच्या आसपास. शीर्षकगीताचा कणा मात्र वेगळाच होता. आदल्या चवथीला घरी आलेल्या आरती मंडळाचं घुमट-शामेळ-कासाळं, म्हणजे आरतीबरोबर वाजणारी तालवाद्यं (कासाळं म्हणजे मोठ्या झांजा), त्याने फोनवर रेकॉर्ड केलं होतं. त्यातला काही सेकंदांचा तुकडा फिरवून मित्राने त्याखाली बेस घातला. मी ऐकलं तेव्हा पहिल्या फेरीतच कळलं की अल्बममध्ये लक्षात राहील ते हेच.

अडचण

दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या.

पहिली यूट्यूबवर. अल्बमच्या आधी सोडलेल्या गाण्यावर कंटेंट आयडीचा, म्हणजे सारखं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, दावा आला. दावा करणारा परदेशातला दुसराच रॅपर. त्याने तोच बीट लीजवर घेतला होता, स्वतःचं गाणं केलं आणि ते गाणं कंटेंट आयडीत नोंदवलं. यंत्राला दोन्हीकडे तेच संगीत ऐकू आलं. आमचं गाणं त्याला ‘नक्कल’ वाटलं आणि जाहिरातीचा पैसा दावेदाराकडे वळला. आक्षेप नोंदवला तर उत्तर द्यायला दावेदाराला ३० दिवस मिळतात. आमच्याकडे लीजची पावती होती, त्यामुळे दावा शेवटी सुटला. पण त्या निमित्ताने लीजचा मजकूर पहिल्यांदा नीट वाचला गेला. बीट अनन्य नव्हता, म्हणजे तोच बीट आणखी कितीही जणांना विकला जाणार होता. कंटेंट आयडीत नोंदणी करायला मनाई होती. आणि ठरावीक इतक्या वेळा ऐकलं गेलं की लीज नव्याने घ्यावी लागणार होती. गाणं चालेल या आशेने जो अल्बम काढतो, त्याने गाणं चाललं की संपणारा परवाना घेतला होता.

दुसरी गोष्ट गावात. शीर्षकगीताचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा त्याने स्टेटसला टाकला होता. तो मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचला. दोन दिवसांनी संध्याकाळी मंडळातले सगळ्यात वडीलधारे घुमटवादक, ज्यांना सगळे काका म्हणतात, घरी आले. आवाज चढवला नाही. लिंबूसरबत घेतलं, ट्रकाची चौकशी केली आणि जाताना दारात म्हणाले, “देवाचें वाजप तें, बाबा. गाळींक ताळ धरपाक न्हय.” म्हणजे हे देवाचं वाजवणं, शिवीला ताल धरायला नाही. गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात खाणकंत्राटदाराला आईवरून शिवी होती. ती नेमकी घुमटाच्या समेवर येत होती.

मंडळातल्या तरुण पोरांचा राग वेगळा होता. शिवीचं त्यांना काही नव्हतं. आपल्याला विचारलं नाही आणि नावही घातलं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

कायद्याने काय होतं

इथे सगळ्यांचे अंदाज चुकत होते. रॅपरला वाटत होतं, फोन माझा, घर माझं, आरती शेकडो वर्षांची, मग विचारायचं कुणाला? आरतीच्या शब्दांवर प्रताधिकार नव्हता हे बरोबर. रेकॉर्डिंग ज्याच्या पुढाकाराने होतं तोच कायद्याच्या भाषेत त्याचा निर्माता, त्यामुळे ध्वनिमुद्रणावर त्याचा दावाही अगदी पोकळ नव्हता. पण वाजवणाऱ्यांचे स्वतःचे हक्क असतात. प्रताधिकार कायद्यात वादक, गायक यांना सादरकर्ता म्हणून ५० वर्षांचं संरक्षण आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते आणखी पक्कं झालं. खासगी वापरासाठी फोनवर रेकॉर्ड करायला हरकत नाही. तेच रेकॉर्डिंग वाजवणाऱ्यांच्या संमतीशिवाय विकायला काढलं की हरकत येते.

मंडळातल्या काहींना वाटत होतं की घुमट वारसा वाद्य आहे, सरकारने २०१९ मध्ये तसं जाहीर केलंय, म्हणून ते असं वापरताच येत नाही. त्या घोषणेने वाद्याचा मान वाढला. वाजवण्यावर कुणाची मक्तेदारी आली नाही.

फोंड्याच्या मित्राबरोबरही काही लिहिलेलं नव्हतं. हक्क देणं-घेणं लेखी नसेल तर ते वैधच ठरत नाही. लेखी असून मुदत आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर पाच वर्षं आणि फक्त भारत असं धरलं जातं. दोघे एका ताटात जेवणारे मित्र. कागदाचा विषय काढला तेव्हा दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच त्यांच्यात भांडण लावायला आलोय.

कोणते पर्याय समोर होते

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे तुकडा इतका वाकवायचा की ओळखू येणार नाही. वेग बदलायचा, सूर खाली न्यायचा, वर रिव्हर्बचा घुमारा. मित्राचा कल तिकडे होता आणि तांत्रिकदृष्ट्या ते तासाभराचं काम होतं. पण ज्या आवाजासाठी गाणं केलं तो आवाज लपवायचा, हे रॅपरलाच पटेना. शिवाय गावात सगळ्यांना माहीत झालेलं लपवणार कुणापासून?

दुसरा, घुमट काढून टाकून तयार सॅम्पलच्या संचातला ढोल घालायचा. आम्ही करून ऐकलं. गाणं मुंबईच्या कुठल्याही रॅपरचं वाटू लागलं.

तिसरा, मंडळाची रीतसर संमती घेऊन तेच फोनचं रेकॉर्डिंग ठेवायचं. खर्च कमी, आणि चवथीच्या घरातला गजबजाट, मागे ऐकू येणारं लहान पोर, हे सगळं तसंच राहतं. मला स्वतःला हा पर्याय आवडला होता. आड आली ती काकांची अट. शिवी राहणार असेल तर संमती नाही. आणि गजबजाटात घराघरांतल्या माणसांचे आवाज होते, ज्यांची संमती गोळा करत बसणं अशक्य होतं.

चौथा, मंडळाला घेऊन नव्याने रेकॉर्ड करायचं. वेळ आणि पैसा दोन्ही लागणार. चवथीला अल्बम काढायचा बेत होता, तो पुढे जाणार, कारण चवथीच्या आसपास आरती मंडळ दुसऱ्या कशालाच सापडत नाही.

याच सुमारास भाषेचाही प्रश्न उठला. एका कार्यक्रमाच्या आयोजकांनी सुचवलं की कोकणीत कर, गोव्याचा रॅपर म्हणून उभं करता येईल; मराठीतले रॅपर महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. सल्ला अडाणी नव्हता. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत तियात्र या कोकणी नाट्यप्रकारातल्या कांतारांमुळे, म्हणजे गाण्यांमुळे, राजकारण्यांना गाण्यातून टोचणारं ऐकायची लोकांना सवय आहे आणि तिथला श्रोता कोकणीतच ऐकतो. पण त्याने दोन गाणी कोकणीत करून बघितली आणि ती बोलल्यासारखी झाली, लिहिल्यासारखी झाली नाहीत. आजीशी तो कोकणीत बोलतो, कंत्राटदाराशी मनातल्या मनात मराठीत भांडतो. हे त्याचंच वाक्य, आणि मला वाटतं त्याने तिथेच निर्णय घेतला होता. सात गाणी मराठीत राहिली. दोन गाण्यांत आजीच्या तोंडच्या ओळी कोकणीत आल्या.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. चवथ जाऊ दिली. दिवाळीही जाऊ दिली. डिसेंबरही टाळला, कारण तेव्हा गोव्यात मोठ्या महोत्सवांची गर्दी असते आणि त्यात गावच्या मुलाचा पहिला अल्बम दिसणारही नाही. शिगम्याच्या आधीचा आठवडा ठरला.

काकांच्या अटीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘कलेवर बंधन’ या मुद्द्यावर मित्र पेटला होता. रॅपरने मात्र वही काढली आणि शिवीचं कडवं उचलून ट्रकाच्या गाण्यात नेलं, जिथे खाली फक्त डिझेल इंजिनाचा आवाज आहे. तिथे ती शिवी दुप्पट बसली. शीर्षकगीतात त्या जागी कर्जाच्या हप्त्यांच्या तारखा आल्या, ओळीने, आरतीच्या यादीसारख्या. माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात चांगलं कडवं ते. काकांनी अट घातली नसती तर ते लिहिलं गेलं नसतं. यावरून अटी नेहमी चांगल्या असतात असं मी म्हणणार नाही. ही अट ज्याला त्या वाद्याची कदर आहे अशा माणसाने घातली होती, एवढंच.

पैशांचं बोलणं देवळाच्या मंडपात झालं. वडीलधाऱ्यांनी माणशी मानधन नाकारलं. “आमकां पयशे नाकात, पूण नांव घाल.” तरुणांना ते पसंत नव्हतं, पण काकांसमोर कोण बोलणार? शेवटी ठरलं ते असं: मंडळाच्या नावाने एकरकमी रक्कम, शीर्षकगीताच्या उत्पन्नात पंधरा टक्के, आणि सगळीकडे मंडळाचं नाव सहकलाकार म्हणून. हे दोन पानांत मराठीत लिहिलं. मुदत आणि प्रदेश स्पष्ट टाकला. वाजवणाऱ्या प्रत्येकाची वेगळी सही घेतली, कारण मंडळ नोंदणीकृत नव्हतं आणि उद्या मंडळ म्हणजे कोण, हा प्रश्न येऊ शकला असता.

रेकॉर्डिंग स्टुडिओत केलं नाही. घुमट म्हणजे मातीचं मडकं, मोठ्या तोंडाला कातडं ताणलेलं, मागचं लहान तोंड उघडं. त्यावर तळहात दाबून-सोडून आवाजाचा घेर बदलतो. पूर्वी घोरपडीचं कातडं असे, वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचं आलं. दमट हवेत ते सैल पडतं, मग उन्हात धरून तापवावं लागतं. वातानुकूलित खोलीत तासाभरात सूर कुठल्या कुठे जाईल अशी काकांना भीती होती. म्हणून मंडळाच्या तालमीच्या खोलीतच माइक लावले. जानेवारीची कोरडी हवा होती, कातडं छान बोलत होतं.

खरी पंचाईत वेगाची झाली. मित्राने कानात क्लिक लावून मिनिटाला ९२ ठोक्यांवर वाजवायला सांगितलं. दोन मिनिटांत सगळे हेडफोन काढून बसले. आरती संथ सुरू होते आणि चढत जाते. शेवटी कासाळंवाला घामाघूम असतो. तिला एका आकड्यावर अडकवलं की ती आरती राहतच नाही. इथे मित्राने जे केलं त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. क्लिक बंद केला, त्यांना पाहिजे तसं वाजवू दिलं, आणि नंतर संगणकावरचं सगळं गणित त्यांच्या चालीवर बसवलं. गाणं ९२ च्या आसपास सुरू होतं आणि शंभरी ओलांडून संपतं. रॅपरला शेवटचं कडवं धावत म्हणावं लागलं. आजोबांचं स्वगत तिथे कामी आलं. बेसचा खोल ठोका घुमटाच्या दबलेल्या आवाजाशी भांडत होता, म्हणून या एका गाण्यातून बेस पूर्ण काढला.

लीजच्या चार बीटांपैकी दोन गाणी मित्राने नव्याने संगीतबद्ध केली. एका बीटचे अनन्य हक्क विकत घेतले, किंमत लीजच्या कितीतरी पट पडली. चौथं गाणं गाळलं आणि त्याजागी ट्रकाचं गाणं दोन भागांत केलं. मित्राशी लेखी करार झाला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, हे त्याला दाखवलं तेव्हा त्याचा कागदावरचा राग उतरला. दोघांनी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घेतलं, एकाने गीतकार म्हणून, दुसऱ्याने संगीतकार म्हणून.

एक वाद शेवटपर्यंत राहिला. शीर्षकगीत जवळपास पाऊण मिनिट नुसत्या घुमटाने सुरू होतं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्याशिवाय ऐकणं मोजलं जात नाही; रॅपरचा आवाज येण्याआधीच लोक पुढे सरकतील असं मित्र म्हणत होता. अल्बममध्ये लांब आवृत्ती ठेवली, वेगळी छोटी आवृत्ती एकल गाणं म्हणून काढली. तडजोड होती आणि तडजोडीसारखीच दिसते.

निष्पत्ती

प्रकाशन गावातल्याच सभागृहात केलं, संध्याकाळी साडेसहाची वेळ देऊन, कारण उशीर आमच्या रक्तात आहे. सुरुवात सव्वासातला झाली. मंडळाने प्रत्यक्ष वाजवलं. काका पहिल्या रांगेत बसले, मंचावर आले नाहीत. ट्रकाच्या गाण्यात शिवी आली तेव्हा खाली बघून हसले असं दोघातिघांनी मला सांगितलं.

ऐकणाऱ्यांचा नकाशा अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. वितरणाच्या अर्जात भाषा मराठी टाकली होती, त्यामुळे गाणी पुणे, कोल्हापूर, मुंबईकडे जास्त पोचली. गोव्यात ऐकणारे कमी, पण बोलावणारे जास्त: शिगमा, महाविद्यालयांची संमेलनं, एक नाट्यमहोत्सव. स्पॉटिफायने २०२४ पासून बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्यांना पैसे देणं थांबवलं आहे. अल्बममधली तीन गाणी त्या रेषेखाली राहिली. स्ट्रीमिंगमधून खर्च निघाला नाही, कार्यक्रमांतून निघाला. छोटी आवृत्ती लांब आवृत्तीपेक्षा जास्त ऐकली जाते. मित्र हे सांगायची एकही संधी सोडत नाही.

कॅसिनोवरची नोकरी त्याने सोडलेली नाही. वडिलांनी ट्रक विकला. तो अल्बमच्या आधीच विकायचा होता, पण मुखपृष्ठाच्या फोटोसाठी थांबले.

काय वेगळं करता आलं असतं

मंडळाशी बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं त्या रात्रीच करता आलं असतं. आरतीनंतर सगळे पंचखाद्य खात बसलेले असतात आणि हो म्हणण्याच्या मनःस्थितीत असतात. स्टेटसला तुकडा टाकल्यावर केलेलं तेच बोलणं समजूत काढण्याचं झालं आणि त्याची किंमत वाढली.

लीजवरचा बीट वाईट असतो असं नाही. सरावाला, पहिल्या चार गाण्यांना तो ठीक. पण ज्या गाण्याने आपली ओळख व्हायची ते त्यावर उभं करू नये, किंवा करण्याआधी अनन्य हक्कांचा भाव विचारून ठेवावा. गाणं बाहेर आल्यावर तोच भाव मागणाऱ्याची अडचण विकणाऱ्याला दिसत असते.

एकरकमी रक्कम मंडळाच्या नावाने दिली हे माझ्या मते अर्धवट झालं. वडीलधाऱ्यांचा मान राखला गेला, पण घुमट घेऊन दुचाकीवरून येणाऱ्या पोरांच्या हाती काही आलं नाही. पेट्रोल आणि बुडालेला रोज एवढं तरी वेगळं धरता आलं असतं, मानधन हा शब्दही न वापरता.

करारात एक मोठी जागा मोकळी राहिली आहे. तो रेकॉर्डिंगपुरता आहे. कार्यक्रमात मंडळ नसताना रॅपर लॅपटॉपवरून तोच घुमटाचा ट्रॅक वाजवतो, आणि बिदागी पूर्ण त्याच्या खिशात जाते. तरुण वादकांनी हा मुद्दा काढला आहे. त्यांचं म्हणणं, ट्रॅक वाजवलास तरी आमचा वाटा दे. रॅपरचं म्हणणं, मग दर वेळी तुम्हीच या. काकांनी दोघांना पुढची बैठक चवथीनंतर ठेवायला सांगितली आहे.